पडवीतली जुनी दुर्बीण, एसीतली नवी दुर्बीण

चिपळूणला माझं चष्म्याचं दुकान आहे. जून ते सप्टेंबर, दुकानाला सुट्टी असेल त्या दिवशी मी तिबोटी खंड्याच्या मागे असतो. हा चिमणीएवढा, जांभळ्या-केशरी रंगाचा पक्षी ऐन पावसाळ्यात कोकणात घरटं करतो आणि तो पाहायला पुण्या-मुंबईहून माणसं येतात. त्यातली बरीचशी चष्मेवाली असतात. गेल्या जुलैत पुण्याच्या एका काका-काकूंबरोबर मी तीन सकाळी काढल्या. चष्म्यावर आणि दुर्बिणीवर वाफ धरण्याबद्दल दुकानात जे प्रश्न वर्षभर सुटे सुटे येतात, ते सगळे त्या तीन सकाळींत एकत्र समोर आले. सुरुवातीला माझंही निदान चुकलं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. काकांची त्याला परवानगी आहे, नाव-गाव वगळलं आहे.

पहिली सकाळ

साडेसहाला आम्ही पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला पोचलो. समोरच्या मातीच्या दरडीत खंड्याचं बीळ होतं. बिळापासून पंचवीसेक मीटर लांब, करवंदीच्या जाळीआड बसायचं असं मी आधीच सांगून ठेवलं होतं. त्याहून जवळ गेलं तर पक्षी चोचीत घास घेऊन फांदीवर ताटकळत राहतो आणि पिल्लं उपाशी राहतात. एवढ्या अंतरावरून बोटाएवढा पक्षी नीट पाहायचा तर दुर्बीण लागतेच.

काकांनी रेनकोटच्या आतून नवी कोरी ८ बाय ४२ची (आठ पट मोठं दाखवणारी, पुढची काच ४२ मिलिमीटरची) दुर्बीण काढली, डोळ्यांना लावली आणि लगेच खाली घेतली. समोरच्या दोन्ही काचा दुधासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. रुमालाने पुसल्या. मी घड्याळाकडे बघत नव्हतो, पण दहाएक सेकंदांत काच परत पांढरी. पुन्हा पुसली, पुन्हा तेच. तेवढ्यात तीक्ष्ण शीळ आली. खंड्या चोचीत सापसुरळी धरून बिळासमोरच्या वाळक्या फांदीवर बसला, तीन-चार सेकंद थांबला आणि बिळात शिरला.

"अहो, दिसला का? जांभळा नि केशरी, एवढासा!" काकू कुजबुजल्या.

"मला नुसतं दूध दिसतंय," काका म्हणाले.

साडेनऊपर्यंत खंड्याच्या चार फेऱ्या झाल्या. काकूंनी चारही पाहिल्या, काकांना एकही धड दिसली नाही. दुर्बिणीच्या काचा सातच्या सुमारास हळूहळू निवळल्या, पण मग चष्मा धुरकटू लागला. चष्मा पुसेपर्यंत पक्षी गेलेला असायचा. काका रागावले नाहीत, गप्प झाले. साठीनंतर छंद लागलेला माणूस पुण्याहून एवढा प्रवास करून येतो आणि त्याला नुसतं दूध दिसतं, हे बघणं मला जड गेलं.

काकांचं सामान

परत येताना चहाच्या टपरीवर मी सगळं हातात घेऊन पाहिलं.

काकांचं वय ६७. दूरचा नंबर दोन्ही डोळ्यांना वजा सव्वादोन, जवळचा अडीच. चष्मा चार महिन्यांपूर्वीचा, प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत दूरचा आणि जवळचा नंबर), चकाकी कमी करणारं कोटिंग आणि त्यावर पाणी न धरणारा वरचा थर. फ्रेम जाड, मोठी, प्लॅस्टिकची. खालची कड गालावर टेकलेली. दुर्बिणीवर 'वॉटरप्रूफ' आणि 'फॉगप्रूफ' असे दोन्ही शब्द कोरलेले, आत नायट्रोजन भरलेला. शिवाय ऑनलाइन मागवलेली वाफरोधक स्प्रेची बाटली. तो स्प्रे त्यांनी आदल्या रात्री आणि त्या पहाटे चष्म्यावर आणि दुर्बिणीच्या चारही काचांवर मारला होता. दुर्बिणीची पुढची काच तिरकी धरली की तिच्यावर तेलकट इंद्रधनुष्य दिसत होतं. शेजारी रुमालाने पुसल्याचे दोन बारीक ओरखडेही होते.

"फॉगप्रूफ लिहिलंय आणि वाफ धरते, म्हणजे माल खराब. परत पाठवतो," काका म्हणाले.

मला तेव्हा ते पटलं. सील गेलं असेल, आत दमट हवा शिरली असेल असं मी म्हणालो आणि चष्म्यासाठी दुकानातलं एक वाफरोधक कापड त्यांना दिलं. हेच माझं चुकलेलं निदान. खरं तर उत्तर पहिल्याच सकाळी डोळ्यांसमोर होतं. काचेवरची वाफ रुमालाने पुसली जात होती. आतून धरलेली वाफ बाहेरून कशी पुसली जाईल? 'फॉगप्रूफ' हा शब्द फक्त नळीच्या आतल्या हवेबद्दल बोलतो. कारखान्यात आतली दमट हवा काढून कोरडा नायट्रोजन किंवा आर्गॉन भरतात आणि सांध्यांना रबरी कड्या बसवतात, म्हणजे तापमान घसरलं तरी आतल्या काचांवर पाणी धरत नाही. बाहेरच्या काचेला हे वचन लागूच नाही. विकणारे हे सांगत नाहीत आणि घेणारा विचारत नाही. माझ्या मते दुर्बिणीच्या खोक्यावरचा सर्वांत जास्त गैरसमज करून देणारा शब्द हाच.

दुसरी गोष्टही समोरच होती. काकूंच्या हातातली दुर्बीण मुक्कामाच्या घरच्या मुलाची होती. जुनी, जड, रबर सोललेली, कसलंही सील नसलेली. पडवीतल्या खिळ्याला ती बारा महिने लटकलेली असते. त्या दुर्बिणीवर सकाळभर वाफेचा एक ठिपका धरला नाही. महागडी नवी आंधळी आणि खिळ्यावरची जुनी डोळस, असं का?

खोलीत २१, पडवीत २७

त्या रात्री मी दुकानातलं तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र घेऊन काकांच्या मुक्कामी गेलो. काकांना दमट हवेत झोप लागत नाही, म्हणून एसी रात्रभर चालू. खोलीत २१ अंश. पहाटे साडेपाचला दाराबाहेर पडवीत २७ अंश आणि आर्द्रता ९३ टक्के.

इतक्या दमट हवेचा दवबिंदू साधारण साडेपंचवीस अंशांवर असतो. म्हणजे त्या हवेत साडेपंचवीसहून थंड असलेली कुठलीही वस्तू ठेवली की तिला घाम फुटणार. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला फुटतो तसाच. काकांची दुर्बीण रात्रभर २१ अंशांत झोपलेली. तिचं वजन पाऊण किलोच्या आसपास, त्यात काचेचे जाडजूड लोलक. अशी वस्तू सावकाश गरम होते. म्हणूनच काच कितीही पुसली तरी परत पांढरी होत होती, आणि सातच्या सुमाराला, काच साडेपंचवीसच्या वर गेल्यावर, कुणी काही न करता आपोआप निवळली होती. खिळ्यावरच्या दुर्बिणीचं तापमान पडवीच्या हवेइतकंच होतं. तिच्यावर पाणी धरायला कारणच नव्हतं.

काकांनी याआधी जे वाचलं होतं ते सगळं इंग्रजीतलं आणि थंड देशांतल्या शिकाऱ्यांसाठी लिहिलेलं. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला, पण अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीला माणसं पहाटे गोठवणाऱ्या थंडीत जाऊन बसतात. त्यांची दुर्बीण आणि रायफलवर बसवलेली नेम धरायची दुर्बीण-नळी बाहेरच्या हवेने गार पडलेली असते. तिच्यावर वाफ धरते ती शिकाऱ्याच्या स्वतःच्या श्वासाची, किंवा गार नळी घेऊन तो ऊबदार खोलीत शिरतो तेव्हा. म्हणून तिकडचे जाणते शिकारी सांगतात की दुर्बीण रात्री तंबूत, अंथरुणाशेजारी घेऊ नका, बाहेर गारठ्यातच ठेवा आणि नळीवर श्वास सोडू नका. काकांनी यातून घेतलं ते एवढंच, की दुर्बीण जपून गार जागी ठेवायची. कोकणात दिशा उलटी आहे. इथे खोली गार आणि बाहेरची हवा ऊन-ओली. नियम मात्र दोन्हीकडे एकच: ज्या हवेत बघायचं, त्या हवेत काच आधी मुरू द्यायची.

दुर्बिणीचं कोडं इथे सुटलं, चष्म्याचं नाही. चष्मा वजनाने वीस-पंचवीस ग्रॅम. तो दोन मिनिटांत हवेइतका गरम होतो, तरीही आठ वाजता, नऊ वाजता त्याच्यावर वाफ धरत होती. म्हणजे ते पाणी वेगळं. ते काकांच्या अंगातून येत होतं. नाका-तोंडातून निघणारी हवा चौतीस अंशांच्या आसपास असते आणि पाण्याने पूर्ण भरलेली असते. रेनकोटची टोपी हनुवटीपर्यंत आवळलेली, त्यामुळे श्वास आणि गळ्याचा घाम यांना बाहेर पडायला वाट एकच, गालावरून वर, थेट काचेवर. फ्रेम गालाला टेकलेली असल्यामुळे खालून वारं नाही. वर दुर्बिणीच्या रबरी वाट्या चष्म्याला दाबून लावल्या की मधल्या जागेत एक बंद डबीच तयार होत होती. भरीत भर म्हणून पावसापासून वाचवायला काका दुर्बीण रेनकोटच्या आत, छातीशी ठेवत होते. तिथली हवा म्हणजे भाताच्या टोपावरचं झाकण उचलावं तशी.

एक आजार समजून आम्ही दोन आजारांवर एकच औषध मारत होतो.

दुकानातला प्रयोग

दुसऱ्या दिवशी पाऊस एवढा कोसळला की पऱ्याकडे जाता आलं नाही. काका दुकानात येऊन बसले. माझ्याकडे जुन्या, बदललेल्या काचांचा डबा आहे. त्यातल्या काचा घेऊन आम्ही चहाच्या कपाच्या वाफेवर धरून पाहिल्या. शास्त्रीय चाचणी म्हणून मी हे सांगत नाही, पण जे दिसलं ते स्पष्ट होतं.

आधी वाफरोधक थर काय करतो ते सांगतो, कारण नावावरून फसायला होतं. तो पाणी धरू देत नाही असं नाही. पाणी तेवढंच धरतं. साध्या काचेवर ते हजारो बारीक थेंबांच्या रूपात बसतं, प्रत्येक थेंब प्रकाश वेडावाकडा उधळतो आणि काच पांढरी दिसते. साबण किंवा स्प्रे त्या थेंबांना पसरवतो. सगळे थेंब एकमेकांत मिसळून पाण्याचा एक सलग, पातळ पापुद्रा होतो आणि त्यातून आरपार दिसतं.

आता काकांची नवी काच बघा. तिच्या वरच्या थराचं काम नेमकं उलट आहे. तो अळवाच्या पानासारखा. पाणी पडलं की गोळी होऊन घरंगळतं, तेलाचा डाग चटकन पुसला जातो. पावसाच्या मोठ्या थेंबांना हा गुण उत्तम. पण वाफेचे थेंब इतके बारीक असतात की ते घरंगळत नाहीत, गोळ्या होऊन जागच्या जागी बसून राहतात. अशा पानावर साबण चोळला तर तोही नीट टिकत नाही. काकांच्या काचेवर स्प्रे मारला तर तो बेटाबेटांनी जमला. मधे निवळ, मधे पांढरं, आणि एकदा पुसलं की सगळं गेलं. डब्यातल्या एका साध्या, फक्त ओरखडे न पडणारा थर असलेल्या काचेवर मात्र भांड्याच्या द्रव साबणाचा एक थेंब बोटाने पसरवला, पाण्याने हलकं विसळलं आणि न पुसता वाळू दिलं, तर कपावर धरूनही ती निवळ राहिली. दुपारी दोनला परत धरली, तेव्हाही फक्त कडेला थोडी धुरकटली.

बाजाराची गंमत अशी की हे दोन्ही प्रकार, पाणी पसरवणारा आणि पाण्याची गोळी करणारा, 'वाफ धरत नाही' याच शब्दांत विकले जातात. बुशनेल या दुर्बीण-कंपनीचं शिकाऱ्यांत प्रसिद्ध असलेलं रेनगार्ड हे कोटिंग दुसऱ्या प्रकारातलं, पाणी झटकणारं. आपल्या काचेवर आधीच कुठला थर आहे हे कळल्याशिवाय बाटली घेण्यात अर्थ नाही. ओळखायला सोपं आहे. नळाखाली काच धरा. पाणी मोत्यासारखं पळालं तर ती अळवाची काच. पसरलं तर साबण चालेल.

साबणाला कमी लेखू नका. २०११ साली इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या नियतकालिकात शल्यचिकित्सकांसाठी हाच उपाय छापून आला होता: साबणाच्या पाण्याने चष्मा धुवा, पाणी झटका, हवेवर वाळू द्या, मग मास्क लावा. त्याच्याही आधी, १९६६च्या जूनमध्ये नासाच्या जेमिनी ९ मोहिमेत अंतराळवीर यूजीन सर्नन यानाबाहेर असताना श्रमाने इतका घामाघूम झाला की शिरस्त्राणाच्या काचेतून त्याला दिसेनासं झालं. त्यानंतर नासाने काचेसाठी जे मिश्रण वापरलं त्यात मुख्य घटक द्रव साबण आणि पाणी हेच होते, जोडीला न पेटणारं तेल. मालवण-तारकर्लीला पाण्यात उतरणारे मास्कच्या आतून थुंकी किंवा लहान मुलांचा शॅम्पू चोळतात, तेही याच तत्त्वावर. मास्कची काच साधी असते म्हणून ते जमतं.

पण लावायचं ते अगदी थोडं, आणि विसळायचं. २००१च्या एप्रिलमध्ये अंतराळ स्थानकाबाहेर काम करताना अंतराळवीर ख्रिस हॅडफिल्डच्या डोळ्यात शिरस्त्राणातलं हेच वाफरोधक द्रावण गेलं आणि काही काळ त्याला दोन्ही डोळ्यांनी दिसेनासं झालं. कोकणात घाम काचेवरून ओघळून डोळ्यात जायला वेळ लागत नाही. काकांचे डोळे पहिल्या दिवशी लाल होते. मला आधी जागरण वाटलं होतं.

आणखी एक गोष्ट मी काकांना त्या दिवशी सांगितली आणि तेव्हापासून दुकानात प्रत्येकाला सांगतो. २०२२ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी बाजारातले नऊ वाफरोधक स्प्रे आणि कापडं तपासली. नऊच्या नऊंमध्ये फ्लोरिनयुक्त रसायनं सापडली. त्या कुळातली रसायनं निसर्गात वर्षानुवर्षं विघटित होत नाहीत. २०२०मध्ये मास्कच्या दिवसांत मीही अशा बाटल्या ढिगाने विकल्या. बाटलीवर घटकांची यादी नसते, हे तेव्हा मला खटकायला हवं होतं. आता जिच्यावर घटक लिहिलेले नाहीत ती बाटली मी ठेवत नाही. पऱ्याच्या काठाला बसून बेडूक-खेकड्यांवर जगणारा पक्षी बघायचा आणि त्याच पाण्यात असलं काही धुवायचं, हे मनाला पटत नाही.

टूथपेस्ट, दाढीचा फेस, कापलेला बटाटा हे उपाय काकूंना मोबाइलवर आले होते. टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते, ती कोटिंग खरवडते. बटाट्याचा स्टार्च वाळून पट्टे उमटतात. फेसात सुगंध आणि तेलं असतात, आणि कुठल्या डब्यात काय हे सांगता येत नाही. तिन्ही सोडून द्या.

कारखान्यातच वाफरोधक थर दिलेल्या काचाही मिळतात. माझ्या डब्यातली तशी एक काच चहाच्या कपावर सगळ्यांत चांगली ठरली. स्वयंपाकघरात, हॉस्पिटलात, गोदामात मास्क लावून काम करणाऱ्यांना मी त्या सुचवतो. पण काही काचांना ठरावीक कापडाने अधूनमधून पुसून तो गुण जागा ठेवावा लागतो, आणि ओल्या असताना त्या घासल्या तर थर लवकर जातो. तीन दिवसांच्या पक्षी-सहलीसाठी नवा प्रोग्रेसिव्ह चष्मा करायला लावणं मला योग्य वाटलं नाही.

काय बदललं

दुर्बिणीवर काहीही लावायचं नाही, हे पहिलं. तिच्या काचांवरचे थर चष्म्याहून नाजूक आणि महाग असतात, आणि तिचा प्रश्न तापमानाचा होता. लावलेला स्प्रे आधी काढला: रबरी फुग्याने धूळ उडवली, ब्रश फिरवला, मग काच पुसायचं द्रावण कापडावर घेऊन, काचेवर थेट न टाकता, मधून कडेकडे. इंद्रधनुष्य गेलं. रुमालाचे ओरखडे राहिले.

रात्री दुर्बीण एसीच्या खोलीत असतानाच तिला झिप लावायच्या जाड प्लॅस्टिक पिशवीत घातलं, आतली कोरडी हवा आतच ठेवून झिप घट्ट बंद केली. पहाटे पाचला पिशवी तशीच पडवीतल्या बाकावर ठेवली. सहाला निघताना पिशवीला बाहेरून एवढं पाणी सुटलं होतं की बाकावर ओघळ आला होता. पिशवी पुसून उघडली. आतली दुर्बीण ठणठणीत कोरडी. काका त्या ओघळाकडे बराच वेळ बघत राहिले. परवापर्यंत हे सगळं पाणी काचेवर बसत होतं.

चष्म्यासाठी काकांच्या गाडीच्या कप्प्यात उत्तर निघालं. जुना, फक्त दूरच्या नंबरचा चष्मा, वजा दोनचा, बारीक धातूच्या फ्रेमचा, काचेवर साधा थर. नाकावरचे पॅड वाकवता येणारे. मी पॅड जरा जवळ घेतले, त्याने फ्रेम गालावरून उचलली गेली आणि खालून वारं खेळायला जागा झाली. काच साबणाने धुतली. नवा चष्मा बघण्याच्या वेळेपुरता डबीत. पाव नंबरच्या फरकाने काकांना पंचवीस मीटरवर काही अडलं नाही, आणि दुर्बिणीचा फोकस तो फरक भरून काढतोच. पक्षी बघताना जवळचा नंबर लागतो तरी कशाला?

दुर्बिणीच्या रबरी वाट्या काकांनी पूर्ण वर फिरवून ठेवल्या होत्या. चष्मा घालणाऱ्याने त्या खाली फिरवायच्या असतात. तशा केल्यावर त्यांना आधीपेक्षा कितीतरी मोठं वर्तुळ दिसायला लागलं, आणि वाट्या चष्म्यावर दाबायची गरज उरली नाही. अगदी हलक्या टेकवायच्या, बघून झालं की लगेच खाली घ्यायच्या. तेवढ्यात वारं लागतं.

रेनकोटची टोपी काढून काळी छत्री घेतली. दुर्बीण रेनकोटच्या बाहेर, डोळ्यांकडच्या काचांवर तिच्याबरोबर आलेलं रबरी झाकण घालून. वरून चार थेंब पडले तर पडू देत, ती वॉटरप्रूफ आहेच.

तिसरी सकाळ

पाऊस भुरभुरत होता. पावणेसातला शीळ आली. काकांनी झाकण काढलं, दुर्बीण लावली. मी त्यांच्या काचांकडे बघत होतो, पक्ष्याकडे नाही. दोन्ही काचा निवळ.

खंड्या त्याच वाळक्या फांदीवर बसला. चोचीत छोटी पाल होती, अजून वळवळणारी. त्याने ती फांदीवर डावी-उजवीकडे आपटली, तीनदा-चारदा, मग डोकं पुढे येईल अशी चोचीत फिरवली. पिल्लाला भरवायचा घास नेहमी डोकं पुढे करूनच धरलेला असतो. पाठीवरचा गडद निळा, डोक्यावरची जांभळी झाक, पोटाचा हळदी पिवळा, आणि गाजरासारखी लाल चोच. तो बिळात गेला, दोन-तीन क्षणांनी उलटा बाहेर आला, पऱ्यात एक बुडी मारून अंगावरची माती धुतली आणि उडाला.

काका काही बोलले नाहीत. दुर्बीण खाली घेऊन त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. चष्मा कोरडा होता.

त्या सकाळी पाच फेऱ्या झाल्या. काकांनी पाचही पाहिल्या. एकदा चष्म्याच्या उजव्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात हलकी वाफ आली आणि गेली. ते हसत बोलायला लागले तेव्हाची ती. नवी दुर्बीण परत पाठवायचा विषय निघाला नाही.

पडवीतली जुनी दुर्बीण

एक काम उरलं होतं. घरच्या मुलाची ती जुनी दुर्बीण मी उजेडाकडे धरून उलट्या बाजूने पाहिली. बाहेरून ती निवळ होती, पण आतल्या लोलकावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे पसरले होते. बुरशी. ज्या दमट पडवीने तिला रोज पहाटे तयार ठेवलं, त्याच पडवीने तिला आतून खाल्लं होतं. सील नसलेल्या दुर्बिणीत बाहेरची हवा जात-येत राहते आणि कोकणातल्या चार महिन्यांत बुरशीला आणखी काही लागत नाही. एक-दोन रात्री पडवीत ठेवणं वेगळं, बारा महिने खिळ्यावर ठेवणं वेगळं. नव्या, सीलबंद दुर्बिणीच्याही बाहेरच्या काचेवर आणि पट्ट्यावर बुरशी धरते, हे मी काकांनाही सांगितलं.

मुलाची दुर्बीण उघडून साफ करून घेतली. लोलकाच्या एका कोपऱ्यात बुरशीने कोटिंग खाल्ल्याचा डाग राहिला आहे, पण बघताना जाणवत नाही. आता ती घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात असते. सोबत सिलिका जेलची मलमलची पुरचुंडी. खडे रंग बदलले की मुलाची आई ते मंद आचेवर पत्र्याच्या ताटात परत कोरडे करते. तांदूळ घालू नकोस असं मी त्याला बजावलं आहे, त्याची पूड काचेत जाते. पाहुणे खंड्या बघायला जाणार असतील त्याच्या आदल्या रात्री तो डबा उघडतो आणि दुर्बीण खिळ्यावर लावतो.

काका पुढच्या जुलैचं बुकिंग करून गेले. खोली बिनएसीची मागितली आहे. काकूंनी पंखा नीट चालतो ना, हे दोनदा विचारून घेतलं.